दाढी, स्टॅक आणि डाइक्स्ट्रा

डाइक्स्ट्रा म्हणजे आपल्यासाठी दहा मार्क. ग्राफ दिलेला असतो, सोर्स नोड दिलेला असतो, टेबल भरायचं, शॉर्टेस्ट पाथ लिहायचा, खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात सेमाफोर आणि बँकर्स अल्गोरिदम येतात, तिथेही हाच माणूस असतो, पण ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. नावाचा उच्चार तर विचारूच नका! स्पेलिंगमधल्या 'जे'ला घाबरून व्हायवाला प्रत्येक जण वेगळंच काहीतरी पुटपुटतो आणि एक्स्टर्नलही मान हलवून पुढे जातात. डच भाषेत हे नाव डाइक्स्ट्रा असं म्हणतात. (लेखात मी त्याच्याबद्दल एकेरीतच लिहिणार आहे. आपण सचिनला सचिन म्हणतो आणि न्यूटनला न्यूटन, तसंच.)

शॉर्टेस्ट पाथ या लेखात फारसा नाही. त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्याच दोन गोष्टींबद्दल मला लिहायचंय. एक म्हणजे स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन, अर्थात रिकर्शन. (मराठीत पुनरावर्तन म्हणतात म्हणे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मी रिकर्शनच म्हणते.) दुसरी म्हणजे मध्येच थांबणारा आणि नंतर थांबला तिथूनच पुढे चालू होणारा प्रोग्राम, ज्याला आज आपण असिंक्रोनस म्हणतो. १९५७ ते १९६० या काळात डाइक्स्ट्रा या दोन्ही गोष्टींशी भिडला. आज रस्टसारख्या सिस्टिम्स लँग्वेजमध्ये रिकर्सिव्ह असिंक फंक्शन लिहायला बसलं, की त्याच दोन गोष्टी एकमेकींना आडव्या येतात. ते कसं, ते पुढे सांगते. आधी माणूस.

एड्सगर वायबे डाइक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील केमिस्ट्री शिकवायचे, पुढे तिथल्या केमिकल सोसायटीचे अध्यक्षही झाले. आई गणितज्ञ, पण तिने कधी नोकरी केली नाही. दहावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा, १४ मे १९४० ला, जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मधला भाग बेचिराख केला. पुढची पाच वर्षं देश जर्मन अंमलाखाली होता, आणि त्याची शाळा त्यातच झाली. वकिली शिकायची आणि संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं काम करायचं असं त्याच्या मनात होतं. पण सायन्सला मार्क इतके चांगले पडले की आईवडील आणि शिक्षकांनी त्याला तिकडेच वळवलं. (ओळखीचं वाटतंय ना?) तो लायडन युनिव्हर्सिटीत थिअरॉटिकल फिजिक्स शिकायला लागला.

१९५१ मध्ये वडिलांच्या पाहण्यात एक जाहिरात आली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एडसॅक नावाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स होता. फिजिक्सवाल्याला गणनयंत्र वापरता आलं तर बरंच, एवढाच हेतू. तो गेला, आणि परत आल्यावर मार्च १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ प्रोग्रॅमर म्हणून लागला. तिथले प्रमुख आद्रिआन व्हान वाइनगार्डन. ब्राम लूपस्ट्रा आणि कॅरेल शोल्टन मशीन बांधायचे, डाइक्स्ट्रा त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा. गंमत अशी की मशीन तयार व्हायच्या आधीच प्रोग्रॅम लिहिला जायचा. रन करून बघू, नाही चालला तर सेमिकोलन शोधू, ही सोयच नव्हती. कागदावर जे लिहिलं ते बरोबर आहे हे कागदावरच पटवून घ्यायचं. आपल्याला परीक्षेत पेनाने प्रोग्रॅम लिहायला लावतात म्हणून आपण वैतागतो. या माणसाने ती सवय आयुष्यभर आपणहून ठेवली.

फिजिक्स सोडून पूर्णवेळ प्रोग्रॅमर व्हायचं का, हा त्याला पडलेला मोठा प्रश्न होता. फिजिक्स म्हणजे प्रतिष्ठेचा विषय. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? त्याच्यामागे ज्ञानाची अशी कुठली शिस्त उभी होती? हे त्याने वाइनगार्डनना विचारलं. त्यांनी त्याची समजूत काढली की कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आणि ही शिस्त उभी करणाऱ्यांपैकी तूच एक का असू नयेस. १९५७ मध्ये मारिया डेबेट्सशी त्याचं लग्न झालं तेव्हा फॉर्मवर व्यवसाय लिहायचा होता. त्याने प्रोग्रॅमर लिहिलं. ॲमस्टरडॅमच्या ऑफिसने ते घेतलं नाही, असा धंदाच नाही म्हणून! शेवटी थिअरॉटिकल फिजिसिस्ट असं लिहावं लागलं. आज कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत शंभर ठिकाणी तोच शब्द वेगवेगळ्या नावांनी असतो.

शॉर्टेस्ट पाथही त्याच सुमाराचा, १९५६ चा. आर्मॅक नावाचं नवं मशीन लोकांना दाखवायचं होतं, म्हणून सगळ्यांना कळेल असा प्रश्न हवा होता. मारियाबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघं ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेबाहेर कॉफी घेत बसले होते, तिथे वीसएक मिनिटांत त्याने तो अल्गोरिदम डोक्यातल्या डोक्यात तयार केला. कागद-पेन्सिल नव्हतं, म्हणून तो इतका सुटसुटीत झाला असं त्याचं मत होतं. दाखवण्यासाठी नकाशात ६४ शहरं घेतली, कारण तेवढ्या शहरांचे नंबर ६ बिट्समध्ये बसतात. छापला मात्र १९५९ मध्ये, तीन पानांत.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९५७-५८ च्या सुमारास लूपस्ट्रा आणि शोल्टन एक्स-वन नावाचं पुढचं मशीन आखत होते, आणि त्यांना त्यात इंटरप्ट हवा होता. तोपर्यंत टाइपरायटरला एक अक्षर छापायला सांगितलं की ते छापून होईपर्यंत सगळं मशीन ताटकळत बसायचं. इंटरप्ट आला की मशीन तोवर दुसरं काम करणार, आणि टाइपरायटरचं झालं की तो मध्येच हाक मारणार. ऐकायला छानच. डाइक्स्ट्रा मात्र घाबरला. हाक नेमकी कुठल्या दोन इन्स्ट्रक्शन्सच्या मध्ये येईल ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम तोच इनपुट घेऊन दोनदा चालवला तरी दोन्ही वेळा सारखाच चालेल याची खात्री नाही. एखादी चूक आज दिसली आणि उद्या दिसलीच नाही, तर ती शोधायची कशी? तो त्या दोघांना कित्येक महिने टोलवत राहिला. शेवटी कबूल झाला, आणि एक्स-वनसाठी इंटरप्ट सांभाळणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला. टेस्टिंगवर भिस्त ठेवता येत नव्हती, म्हणून हाक कुठेही आली तरी बिघडणार नाही असं आधी सिद्ध करायचं आणि मगच लिहायचं. मध्येच उठवलेल्या प्रोग्रॅमला परत बसवताना त्याचं सगळं सामान, रजिस्टरमधले आकडे, पुढची इन्स्ट्रक्शन कुठली, हे जसंच्या तसं त्याच्या हातात द्यायचं. हेच काम त्याच्या १९५९ च्या पीएचडीचा विषय झालं.

प्रोग्रॅमचं सामान ठेवायचं कुठे, हा प्रश्न पुढच्याच वर्षी वेगळ्या दारातून परत आला.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला अल्गोल ६० या लँग्वेजसाठी कमिटी बसली होती. प्रोसिजरने स्वतःलाच बोलावलं तर चालेल का, यावर तिथे एकमत नव्हतं. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हाची पद्धत बघा. प्रत्येक प्रोसिजरच्या व्हेरिएबल्ससाठी मेमरीत एक जागा आधीच ठरवून टाकलेली असायची, परत कुठे जायचं तो पत्ताही ठरलेल्या जागी लिहिलेला. फॅक्टोरियल ५ ने फॅक्टोरियल ४ ला बोलावलं की ४ जाऊन बसणार ५ च्याच जागेवर. ५ पुसला गेला! परतीचा पत्ताही पुसला गेला. हॉस्टेलच्या एका कॉटवर दोघांना अलॉटमेंट दिल्यासारखं.

रिपोर्ट लिहिण्याचं काम डेन्मार्कच्या पीटर नाउरकडे होतं. फेब्रुवारीत त्याला ॲमस्टरडॅमहून फोन आला. वाइनगार्डन बोलत होते, स्वतःच्या आणि डाइक्स्ट्राच्या वतीने. प्रोसिजरच्या अंगात तिचंच नाव आलं तर त्याचा अर्थ तिला पुन्हा बोलावणं असाच घ्यावा, असं एक वाक्य घालावं ही त्यांची सूचना. नाउरने ते घातलं, आणि रिकर्शन लँग्वेजमध्ये आलं. कमिटीतल्या काही जणांना हे अजिबात आवडलं नाही. जर्मनीच्या बाउरने तर तो ॲमस्टरडॅमवाल्यांचा कटच मानला. मला विचाराल तर पद्धत थोडी चुकलीच. कमिटीत जे ठरलं नाही ते फोनवर ठरवून घ्यायचं, हे आपल्या गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये कुणी केलं तर केवढा गोंधळ होईल! पण त्या एका वाक्यावाचून पुढचं बरंच काही अडलं असतं, हेही खरं.

वाक्य घालणं सोपं, ते मशीनवर चालवून दाखवणं कठीण. डाइक्स्ट्रा आणि याप झोनेफेल्ड एक्स-वनसाठी कंपायलर लिहायला बसले, आणि पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असं ठरवलं. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालला. झोनेफेल्डने लवकरच दाढी उतरवली. डाइक्स्ट्राने ठेवली ती ठेवलीच. फोटोत दिसते ती दाढी रिकर्शनची आहे, बरं का.

त्याने काढलेला मार्ग असा. कॉट आधीपासून अलॉट करायचीच नाही. प्रोसिजर जितक्या वेळा बोलावली जाईल तितक्या वेळा तिला स्टॅकच्या डोक्यावर नवी जागा द्यायची, आणि काम संपलं की ती परत घ्यायची. फॅक्टोरियल ५ चा ५ खाली सुखरूप, त्याच्यावर ४, त्याच्यावर ३. शेवटी आलेला आधी जातो, त्यामुळे मध्ये भोकं पडत नाहीत. स्टॅकची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. त्याच बाउरने सामेल्सनबरोबर फॉर्म्युले सोडवण्यासाठी ती १९५७ मध्येच वापरली होती. पण प्रोसिजरचे व्हेरिएबल्स, परतीचा पत्ता, अर्धवट गणितं हे सगळं एकाच स्टॅकवर कसं ठेवायचं, आणि कुणी बोलावलं व मुळात कुठे लिहिली आहे या दोन वेगळ्या साखळ्या कशा सांभाळायच्या, हे त्याने १९६० च्या 'रिकर्सिव्ह प्रोग्रॅमिंग' या छोट्या पेपरात मांडलं. आपण सी मध्ये बिनदिक्कत फॅक्टोरियल लिहितो ते याच रस्त्यावरून.

आता साठ वर्षांची उडी मारून रस्टकडे येऊ. रस्टची १.० आवृत्ती २०१५ ची, त्यात असिंक-अवेट आलं नोव्हेंबर २०१९ मध्ये. असिंक फंक्शन अवेटपाशी थांबतं, थ्रेड दुसऱ्याला वापरायला देतं, आणि नेटवर्क किंवा डिस्ककडून उत्तर आलं की पुन्हा चालू होतं. म्हणजे डाइक्स्ट्राचा इंटरप्टच, पण थांबण्याची जागा आपण ठरवलेली. मग थांबलेल्या फंक्शनचं सामान कुठे? स्टॅकवर ठेवता येत नाही. थ्रेडचा स्टॅक एक, थांबलेली कामं हजार, आणि कुठलं आधी जागं होईल ते माहीत नाही. शेवटी आलेला आधी जाईल ही स्टॅकची अटच मोडते. म्हणून रस्टचा कंपायलर प्रत्येक असिंक फंक्शनचा एक स्ट्रक्चर बनवतो, त्याला फ्यूचर म्हणतात. अवेटच्या पलीकडे लागणारे व्हेरिएबल्स आणि आपण कुठे थांबलो होतो ती खूण त्यात असते. ज्या दुसऱ्या फ्यूचरसाठी आपण थांबलो, तोही त्याच्याच पोटात असतो. या स्ट्रक्चरचा आकार कंपायलरला आधीच माहीत असावा लागतो.

इथे रिकर्शन आणून बघा. समजा एक फोल्डर वाचायचा आहे, त्यात सबफोल्डर दिसला की त्याच्यासाठी हेच असिंक फंक्शन बोलवायचं. मग फ्यूचरच्या पोटात तोच फ्यूचर, त्याच्या पोटात पुन्हा तोच... आकार अनंत! कंपायलर ई०७३३ असा एरर देऊन थांबतो. बघा हं, हा १९६० चाच प्रश्न आहे. जागा आधी ठरवून ठेवायची म्हटलं की रिकर्शन अडतं. उत्तरही त्याच जातीचं आहे, प्रत्येक बोलावण्याला ताजी जागा द्या, फक्त स्टॅकऐवजी हीपवर. आतल्या कॉलला बॉक्स-पिनमध्ये गुंडाळून अवेट करायचं. बॉक्स म्हणजे हीपवरच्या जागेचा पत्ता, आणि पत्त्याचा आकार ठरलेला, ६४-बिट मशीनवर ८ बाइट. पोटात आता फ्यूचरऐवजी पत्ता बसला, अनंताचा प्रश्न मिटला. पिन कशासाठी? चालू झालेल्या फ्यूचरमध्ये स्वतःच्याच दुसऱ्या व्हेरिएबलकडे बोट दाखवणारा रेफरन्स असू शकतो. तो फ्यूचर मेमरीत इकडचा तिकडे हलवला तर बोट भलतीकडेच राहील. म्हणून एकदा ठेवला तिथून हलवायचा नाही, ही हमी पिन देतो. आधी यासाठी फंक्शनची सहीच बदलून बॉक्स केलेला फ्यूचर परत करावा लागायचा. मार्च २०२४ च्या १.७७ आवृत्तीपासून असिंक फंक्शन तसंच ठेवून आतल्या कॉललाच गुंडाळलं तरी चालतं.

पण हे फुकट नाही. प्रत्येक पायरीला हीपवर एक जागा मागावी लागते. शिवाय सगळ्यात आतला फ्यूचर जागा करायचा तर बाहेरच्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपल्या आतल्याला ढोसावं लागतं, आणि ते ढोसणं साध्या स्टॅकवरच होतं. म्हणून फार खोल रिकर्शनमध्ये बॉक्स वापरूनही स्टॅक ओव्हरफ्लो होऊ शकतो. तिथे सरळ एक व्हेक्टर घ्यावा, बघायचे राहिलेले फोल्डर त्यात टाकावेत आणि लूपने एकेक काढावा. ना रिकर्शन, ना बॉक्स. स्टॅक तोच, फक्त आता आपण हाताने सांभाळलेला.

असो. माणसाकडे परत.

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गणिताचा प्रोफेसर झाला. तिथे त्याने इंटरप्टची ती जुनी भीती कायमची बंदोबस्तात ठेवायचं ठरवलं. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक काम हा आपापल्या गतीने सरळ चालणारा एक प्रोसेस माना. कोण किती वेगाने चालतो याचा विचारच करू नका. जिथे एकमेकांशी गाठ पडते तिथेच फक्त नियम घाला. त्यासाठी त्याने रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेऊन सेमाफोर आणला. आपल्या विंगला चार बाथरूम आहेत असं धरा, वेळ सकाळी सातची. सेमाफोरची किंमत ४. आत जाणारा पी करतो, एक कमी. शून्य झालं की पुढचा बादली घेऊन उभा. बाहेर येणारा व्ही करतो, एक वाढतो, रांगेतला एक आत. पी आणि व्ही ही डच शब्दांची आद्याक्षरं आहेत, म्हणून आपल्याला ती पाठच करावी लागतात.

१९६५ मध्ये त्याने या सगळ्यावर मोठं टिपण लिहिलं. दोन प्रोसेस एकमेकांची वस्तू धरून बसतात, दोघंही सोडत नाहीत आणि दोघंही संपत नाहीत, याचं वर्णन त्यात आहे. आपण आज डेडलॉक म्हणतो. तो त्याला जीवघेणी मिठी म्हणायचा, आपल्याकडे धृतराष्ट्राची होती तशी. ती टाळायला बँकर्स अल्गोरिदम.

ही मिठी आपल्या फोल्डरवाल्या फंक्शनमध्येही बसलेली आहे. रस्टच्या टोकिओ लायब्ररीत आजही सेमाफोर आहे. एका वेळी दहापेक्षा जास्त फोल्डर उघडे राहू नयेत म्हणून आपण दहाचा सेमाफोर ठेवला. फंक्शन आलं, परमिट घेतलं, फोल्डर उघडला, सबफोल्डर दिसला, परमिट हातात ठेवूनच स्वतःला पुन्हा बोलावलं आणि अवेट करत बसलं. फोल्डर एकात एक अकरा असतील तर? दहा जण परमिट धरून अकराव्याची वाट बघतात, अकरावा परमिटची वाट बघतो. एरर नाही, क्रॅश नाही, प्रोग्रॅम नुसता गप्प. आणि पाच पातळ्यांच्या टेस्ट फोल्डरवर हाच प्रोग्रॅम एकट्याने चालवला तर सुरळीत चालतो! कंपायलर यात काही मदत करत नाही. फोल्डरची यादी वाचून घ्यायची, परमिट सोडून द्यायचं आणि मगच खाली उतरायचं, हे कागदावर विचार करूनच सुचतं. टेस्टिंगवर विसंबू नका म्हणून डाइक्स्ट्रा एवढा का कावायचा, ते या एका उदाहरणावरून मला पटलं.

तो नुसता कावला नाही, करूनही दाखवलं. एक्स-एट नावाच्या मशीनवर त्याने आणि त्याच्या पाच सहकाऱ्यांनी टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. कोअर मेमरी ३२ हजार वर्ड्स! सिस्टिम थरांवर थर अशी रचली होती. इंटरप्ट सगळ्यात खालच्या थरात कोंडलेले, वरच्यांना फक्त प्रोसेस आणि सेमाफोर दिसायचे. प्रत्येक थर आधी तर्काने तपासायचा, मग मशीनवर. १९६८ च्या पेपरात त्याने लिहिलंय की टेस्टिंगमध्ये फक्त किरकोळ कोडिंगच्या चुका सापडल्या, ५०० इन्स्ट्रक्शन्समागे साधारण एक. त्याच वर्षी गोटूविरुद्धचं त्याचं प्रसिद्ध पत्रही आलं. त्याचं भडक शीर्षक मात्र संपादक निकलाउस विर्थचं, डाइक्स्ट्राचं नव्हे.

हे सगळं बाहेरून यशासारखं दिसतं. आत वेगळंच चाललं होतं. गणित विभागाला हे काम आपलं वाटत नव्हतं. गणितज्ञांच्या दृष्टीने तो गणितज्ञ नव्हता आणि कॉम्प्युटर विकणाऱ्यांच्या दृष्टीने फार गणिती होता. टीएचई संपल्यावर त्याचा ग्रुप विस्कटला आणि डाइक्स्ट्रा डिप्रेशनमध्ये गेला. चाळिशीही न गाठलेला, जगभर नाव झालेला माणूस. हॉस्टेलमध्ये या विषयावर आपण फार हळू आवाजात बोलतो म्हणून मुद्दाम लिहितेय. त्यातून वर येताना त्याने लिखाणाचा आधार घेतला, आणि जे लिहिलं त्या स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरच्या नोट्स. स्वतःसाठी लिहिलेलं ते टिपण कॉपी होत होत जगभर गेलं. १९७२ मध्ये डाल आणि टोनी होअर यांच्या लेखांबरोबर त्याचं पुस्तक झालं, आणि त्याच वर्षी त्याला ट्युरिंग अवॉर्डही मिळालं.

स्वभाव गोड होता असं म्हणता येणार नाही. बेसिक, कोबोल, फोर्ट्रान या लँग्वेजेसबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचून त्या शिकवणाऱ्या सरांना राग येईल. मला स्वतःला तो कधीकधी विनाकारण टोचून बोलतो असं वाटतं. हजारो लोक त्या लँग्वेजेसमध्ये पोटापाण्याचं काम करत होते, त्यांना हिणवून काय मिळालं? पण स्वतःच्या कामालाही तो तीच पट्टी लावायचा.

१९७३ मध्ये तो बरोज कंपनीचा रिसर्च फेलो झाला आणि नूनेन गावातल्या घरीच बसून काम करू लागला. (व्हॅन गॉग एकेकाळी राहिला तेच हे गाव.) आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, युनिव्हर्सिटीत काही जण जमून एखादा प्रश्न किंवा पेपर शब्दन्‌शब्द तपासायचे. बाकी वेळ फाउंटन पेन आणि कागद. टिपण लिहायचं, त्यावर नावाची आद्याक्षरं ईडब्ल्यूडी आणि नंबर घालायचा, झेरॉक्स काढून मित्रांना पोस्टाने पाठवायचा, ते पुढे आणखी कुणाला देणार. कॉम्प्युटर सायन्समधलं एवढं मोठं नाव, पण घरात कितीतरी वर्षं कॉम्प्युटर नव्हता.

१९८४ पासून १९९९ पर्यंत तो अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास युनिव्हर्सिटीत शिकवत होता. सुट्टीत तो आणि मारिया फोक्सवॅगनच्या कॅम्पर गाडीतून नॅशनल पार्क बघत हिंडायचे. गाडीचं नाव ठेवलं होतं टूरिंग मशीन!

१९७४ मध्ये त्याने एक अगदी छोटा पेपर लिहिला होता. एकमेकांना जोडलेली मशीन्स कितीही बिघडलेल्या अवस्थेतून सुरू झाली तरी कुणी मध्यवर्ती साहेब नसताना आपोआप वळणावर कशी येतील, हा त्याचा विषय. जवळजवळ दहा वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लेस्ली लॅम्पोर्टने एका भाषणात त्याचं महत्त्व सांगितलं, आणि मग त्यातून एक अख्खी शाखाच निघाली. २००२ मध्ये त्या पेपरला डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमधला मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्काराला डाइक्स्ट्राचंच नाव दिलं गेलं, पण ते बघायला तो नव्हता. कॅन्सर झाल्यावर २००२ च्या सुरुवातीला तो नूनेनला परतला होता. ६ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, तिथेच गेला.

त्याची टिपणं टेक्सास युनिव्हर्सिटीने स्कॅन करून ठेवली आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. बरीचशी हाताने लिहिलेली, अक्षर इतकं नीटनेटकं की कुणीतरी त्यावरून कॉम्प्युटरचा फाँटही बनवलाय. शेवटच्या टिपणावर नंबर आहे १३१८, आणि तारीख १४ एप्रिल २००२.